धुऱ्यावरची कुऱ्हाड आणि नाताळचं जेवण

कोरडवाहू | ८ डिसेंबर, रात्री १०.४०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दिग्रसच्या अलीकडचं. नाव सांगत नाही. आम्ही ख्रिस्ती, गावात आमची चार घरं. पणजोबा मिशनच्या दवाखान्यात पाणी भरायचे, तिथून सुरुवात. शेती साडेचार एकर, एक विहीर.

२०१९ ची दिवाळी झाली तरी पाऊस उघडत नव्हता, आठवत असेल. सोयाबीन गंजीतच कोंबारलं. पऱ्हाटीची खालची बोंडं सडली, वरचा कापूस भिजून काळा पडायला लागला. शेजारचं वावर आमच्यापेक्षा वरच्या अंगाला. त्यात पाणी साचलं म्हणून शेजाऱ्यानं मधला धुरा फोडला आणि पाणी आमच्याकडे काढून दिलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी माती टाकून धुरा बुजवला. त्यानं पुन्हा फोडला. बाबांनी पुन्हा बुजवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन आला.

दोन घाव. एक उजव्या खांद्यावर, एक दंडावर. तिसरा बसला नाही, कारण चिखलात त्याचा पाय सरकला. हे बाबांनीच सांगितलं आणि दर वेळी तसंच सांगतात: "त्याचा पाय सरकला म्हनून मी हाओ." मालवाहू ऑटोत घालून तालुक्याला नेलं, तिथून यवतमाळला. जीव वाचला, हात नाही. म्हणजे हात आहे, पण छातीच्या वर उचलत नाही आणि मूठ वळत नाही. शर्टाची बटणं आई लावते.

आता जे सांगतोय त्यासाठी धागा काढलाय. पाचव्या दिवशी आई कपडे न्यायला गावी आली. रस्ता त्याच्याच वावरावरून. तो जेलात. उघडीप पडली होती आणि कापूस फुटून लोंबत होता. त्याची बायको एकटीच वेचत होती, लहान पोरगी धुऱ्यावर बसवून. पोलिसांची भानगड नको म्हणून मजूर कोणी जायला तयार नव्हतं. आईनं कपड्यांची पिशवी बाभळीला अडकवली, कमरेला फडकं बांधलं आणि तिच्या शेजारची ओळ धरली. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. दिवस मावळेपर्यंत वेचलं. मी तिकडे यवतमाळला बाबांची लघवीची पिशवी बदलत होतो आणि आईचा फोन का लागत नाही म्हणून शिव्या देत होतो.

असं तीन दिवस. नंतर मला कळलं तेव्हा मी आईला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती एवढंच म्हणाली, "प्रभूनं मल्खाचा कान जोडला होता ना? मले कान जोडता येत नाही. कापूस वेचता येते."

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: येशूला धरायला लोक आले तेव्हा पेत्रानं तलवार काढून महायाजकाच्या दासाचा उजवा कान कापला. त्याचं नाव मल्ख. येशूनं पेत्राला थांबवलं आणि त्या माणसाचा कान बरा केला. धरायला आलेल्याचा. मग स्वतःला धरू दिलं.)

पुढे केस चालली. लावलं होतं ३०७ (खुनाचा प्रयत्न), शिक्षा झाली ३२६ (घातक हत्यारानं गंभीर दुखापत) खाली, पाच वर्षं. जामीन मिळाला नव्हता, त्यामुळे आधीचे दिवस धरले गेले. यंदा दिवाळीनंतर तो सुटून गावात आला. रोज सकाळी आमच्या घरासमोरून हापशीवर जातो. मान खाली.

आणि आता बाबांनी ठरवलंय की नाताळच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवायचं. आईची हरकत नाही. हरकत माझी आहे. माझी पोरगी सहा वर्षांची आहे. ज्या माणसानं तिच्या आजोबाला तोडलं त्याच्या पुढ्यात तिनं ताट ठेवायचं?

मी रविवारी उपासनेला जातो. "आम्ही जशी आपल्या ऋण्यांस सूट दिली आहे" हे सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणतो. पण तो हापशीवर जाताना दिसला की माझा हात आपोआप काहीतरी शोधतो. माफ करणं म्हणजे नेमकं काय करणं? बाबांना अडवू का?

---

मिरचीभजी | ८ डिसेंबर, रात्री १०.५८

बापरे. काय बोलावं सुचत नाही. वाचतेय.

---

वऱ्हाडी ठेचा | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

भौ, मी अकोल्याकडचा. धुऱ्यापायी काय होते थे मले सांगू नको. आमच्या गावात दोन सख्खे भाऊ, धुऱ्यावरच्या एका लिंबाच्या झाडासाठी वीस वर्स बोलले नाई. एक मेला तं दुसरा मयतीले नाई गेला. तेराव्याच्या दिवशी मात्र लिंब तोडून आला अन् मंग तथीच बसून ढसाढसा रडला.

तुह्या मायचं मन लय मोठं, पाया पडतो तिच्या. पन जेवाले बोलावाचं कायले? माफ कराचं आपल्या मनात. त्याले थे सांगाची गरज काय? त्याचा पाय सरकला म्हनून बाप वाचला. त्याचं मन नव्हतं सरकलं.

---

सदाशिवपेठी | ९ डिसेंबर, सकाळी ८.०५

अवांतर प्रश्नाबद्दल क्षमस्व, पण धुरा म्हणजे बांध का? आमच्याकडे धुरा खांद्यावर घेतात.

---

कोरडवाहू | ९ डिसेंबर, सकाळी ८.३१

हो, शेताचा बांध. तुमच्याकडे धुरा खांद्यावर घेतात, आमच्याकडे धुऱ्यापायी खांदा जातो.

---

खवचट | ९ डिसेंबर, सकाळी ९.१२

राग येईल, पण विचारतोच. नवरा जेलात, बाई एकटी, अडचणीत, आणि अशा वेळी मदतीला कोण? ख्रिस्ती शेजारीण. मग प्रार्थना, मग पुस्तक, मग रविवार. हा क्रम आम्ही पाहिलेला आहे. सेवा म्हणायची आणि माणसं गोळा करायची.

---

कोरडवाहू | ९ डिसेंबर, दुपारी १.४४

@खवचट, राग आला. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, म्हणजे थंड होऊन.

हेच गावात बोललं गेलं. चौथ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ वावरात आला आणि आईला म्हणाला, "आमची बाई बाटवता काय?" आईच्या फडक्यात जेवढा कापूस होता तेवढा तिनं गाठोड्यावर ओतला आणि निघून आली. पुन्हा गेली नाही. पाच वर्षांत ते घर आमच्या देवळात आलेलं नाही आणि आईनं बोलावलंही नाही. त्या तीन दिवसांची मजुरी मात्र त्या बाईनं पोळ्याच्या वेळी आणून दिली, किलोच्या भावानं हिशोब करून. आईनं ती घेतली. मी विचारलं, का घेतली? म्हणाली, "नाही घेतली असती तं तिच्यावर ओझं झालं असतं."

दया करायची आणि वर समोरच्याला मिंधं करायचं नाही, हे मला तरी जमलं नसतं.

---

काळाकोट | ९ डिसेंबर, सायंकाळी ७.३०

जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, म्हणून एक गल्लत आधीच दूर करतो. ‘माफ करणे’ आणि ‘केस मागे घेणे’ यांचा काही संबंध नाही. भारतीय दंड विधानातलं ३२६ तडजोडपात्र नव्हतं, ३०७ तर नाहीच. जखमीनं कितीही माफ केलं तरी खटला सरकार विरुद्ध आरोपी असाच चालतो. जीवघेणा हल्ला हा फक्त तुमच्या बाबांवरचा नसून समाजावरचा मानला जातो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच आहे.

खेड्यात काय होतं ते मात्र रोज बघतो. फिर्यादीवर दबाव येतो, पैसे फिरतात, आणि ऐन साक्षीच्या वेळी फिर्यादी ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो. त्याला लोक माफी म्हणतात. मी त्याला फितुरी म्हणतो. तुमच्या बाबांनी साक्षीत काय सांगितलं?

---

कोरडवाहू | ९ डिसेंबर, रात्री ९.५०

@काळाकोट, खरं सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, मारणारा कोर्टात हजर आहे का? बाबांनी डाव्या हातानं बोट दाखवलं, "हा." उलटतपासणीत धुरा आधी कोणी फोडला, कोणी बुजवला, सगळं जसंच्या तसं. आपण पहिल्या दिवशी त्याला आईवरून शिवी दिली होती हेही सांगितलं, जे कोणी विचारलंच नव्हतं. आमचे वकील डोक्याला हात लावून बसले.

आमच्यात देवळात उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, त्यालाही ‘साक्ष देणं’च म्हणतात. कोर्टातून आल्यावर पुढच्या रविवारी पाळकांनी बाबांना साक्ष द्यायला सांगितलं. बाबा जागेवरूनच म्हणाले, "या हप्त्यात एकदा देऊन झाली."

---

पाळकाची लेक | १० डिसेंबर, सकाळी ६.५५

नाइट ड्युटी संपवून लिहितेय (नर्स आहे, नागपूर). वडील पाळक होते, वाशिम आणि अमरावती जिल्ह्यात फिरतीवर. म्हणून थोडं त्यांच्या शिकवणीतलं.

लोक ख्रिस्ती क्षमा म्हटलं की लगेच दुसरा गाल पुढे करतात. माझे वडील उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायापासून सुरू करायचे. काइन शेतकरी होता. त्यानं भावाला मारलं ते शेतात. देव त्याला विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तो उलटून म्हणतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? आणि देव म्हणतो, तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडतंय. म्हणजे सांडलेलं रक्त देव विसरत नाही, ‘जाऊ दे, झालं ते झालं’ म्हणत नाही. काइनाला शिक्षा होते, आणि शिक्षा शेतकऱ्याचीच: जमीन यापुढे तुला आपलं सत्त्व देणार नाही.

पण मग काइन घाबरतो, जो भेटेल तो मला मारून टाकील म्हणतो. तेव्हा देव त्याच्यावर खूण करतो, कोणी त्याला मारू नये म्हणून. बायबलमधला पहिला खुनी, आणि त्याच्या जिवाला देवाचं संरक्षण. वडील इथे पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, हाबेलाचं रक्त मोलाचं आहे म्हणून काइनाचंही आहे. ज्याला एक पटतं त्याला दुसरं मानावंच लागतं.

कोरडवाहू दादा, तुमचा हात काहीतरी शोधतो असं लिहिलंय ना, त्याची मला जास्त काळजी वाटते. वॉर्डात दोन्ही बाजूंची माणसं येतात, कापलेलीही आणि कापणारीही. रक्त पुसताना कुठलं कुणाचं ते कळत नाही.

---

बोधिवृक्ष | १० डिसेंबर, दुपारी १२.१५

सगळं वाचलं. आईंबद्दल आदर आहे. तरीही एक काटा टोचतोय.

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे ‘माफ करा’ म्हटलं की मला खैरलांजी आठवते. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. तिथेही मुळाशी जमिनीचा वाद होता. भैयालाल एकटे उरले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. भैयालाल २०१७ मध्ये गेले, कोर्टाच्या पायऱ्या चढत चढत. त्यांना कोणी दयेचा उपदेश केला असता तर मी त्या माणसाला गावाबाहेर घालवलं असतं. दुबळ्याला माफ करण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही, आणि मग त्यालाच थोरपणा म्हणायचं, हा खेळ आम्ही ओळखतो.

म्हणून विचारतो: मारणारा कोण होता? तुमच्यापेक्षा वरचा की खालचा?

---

कोरडवाहू | १० डिसेंबर, रात्री १०.०५

@बोधिवृक्ष, प्रश्न बरोबर आहे. जात सांगणार नाही, सांगितली की धागा तिकडेच पळेल. एवढं सांगतो की तो आमच्यापेक्षा गरीब. तीन एकर, विहीर नाही, सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्या वर्षी सोयाबीन पूर्ण गेलेलं. तुंबलेल्या पाण्यात त्याचा कापूसही गेला असता तर त्यानं काय केलं असतं हे विदर्भात वेगळं सांगायला नको. याचा अर्थ कुऱ्हाड बरोबर होती असा नाही.

तो सरपंचाचा पोरगा असता तर? तर आईनं त्याचा कापूस वेचला असता का? मी हे आज संध्याकाळी तिला विचारलं. ती बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या वावरात मजूर गेले असते. माही गरजच नसती." उत्तर आहे की नाही ते तुम्हीच बघा.

---

बोधिवृक्ष | १० डिसेंबर, रात्री १०.४०

आहे. आणि चांगलं आहे.

मग माझ्याकडचंही एक घ्या. अंगुलिमाल. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. बुद्धांनी त्याला संघात घेतलं. राजा प्रसेनजित फौज घेऊन त्याला पकडायला निघाला होता, आणि बघतो तर तो चीवर घालून बसलेला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारायचे. डोकं फुटून, पात्र मोडून, रक्तानं माखून परत यायचा. बुद्ध त्याला काय म्हणाले? सहन कर. तुझ्याच कर्माचं फळ आहे हे. त्याला जवळ केलं, पण दगड चुकवले नाहीत. आणि दगड मारणाऱ्यांना ‘तुमचं मन लहान’ असंही म्हटल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

तुमचा राग हा त्या लोकांचा राग आहे. तो असू द्या. फक्त दगड हातात घेऊ नका.

---

वऱ्हाडी ठेचा | १० डिसेंबर, रात्री ११.०२

हे मले पटलं. बुद्ध बोलला तं पटते, येशू बोलला तं पटते, बायको बोलली की नाई पटत.

---

पवनारकर | ११ डिसेंबर, सकाळी ७.२०

वय ८१. टंकायला वेळ लागतो.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला या विषयावर गप्प बसता येत नाही. १९४२ मध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिला. बापूंच्या मातीच्या कुटीत भिंतीवर एकच चित्र त्याला दिसलं, येशू ख्रिस्ताचं. खाली लिहिलेलं, तो आमची शांती आहे. फिशर म्हणाला, तुम्ही तर ख्रिस्ती नाही. बापूंनी उत्तर दिलं की मी ख्रिस्तीही आहे, हिंदूही, मुसलमानही, यहुदीही.

दुसरं, विनोबा. मे १९६० मध्ये ते चंबळच्या खोऱ्यातून पायी गेले आणि वीस डाकूंनी त्यांच्यासमोर बंदुका ठेवल्या. तेव्हा मी शाळेत होतो. आम्हा पोरांना वाटलं, चला, आता ते सुटले. घरी वडिलांनी सांगितलं, सुटले कुठले, खटले चालणार, तुरुंगात जाणार. मग उपयोग काय झाला, असं मी विचारलं. वडील म्हणाले, आता त्यांना कोणी गोळी घालणार नाही आणि तेही कोणाला घालणार नाहीत, एवढं पुरे नाही का?

---

इंदुरी शेव | ११ डिसेंबर, दुपारी ३.१५

माहेर वर्धा, सासर इंदूर. इथे एक गोष्ट घडलीय ती या धाग्यात यायलाच हवी.

सिस्टर राणी मारिया. कॅथलिक जोगीण, मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यात उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करायच्या, बचत, कर्ज, सावकाराच्या पाशातून सोडवणं असलं. ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या माणसानं त्यांना भोसकलं. पन्नासहून जास्त जखमा. बस भरलेली होती.

त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर. २००२ मध्ये ती तुरुंगात गेली आणि समंदर सिंहला राखी बांधली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सही दिली आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळला त्यांच्या घरीही गेला. ज्या हातांनी मुलीला मारलं त्या हातांचं आईनं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

सगळे राखीवर थांबतात, म्हणून मुद्दाम आकडे दिले. १९९५ ते २००२. सात वर्षं. सख्ख्या बहिणीला, त्यातही सिस्टरला, सात वर्षं. तुमच्या घरात पाच झालीत. बाबा तयार झाले असतील, तुम्ही नसाल. घरातल्या सगळ्यांचं घड्याळ एकच नसतं.

---

खवचट | ११ डिसेंबर, दुपारी ४.०१

आणि ग्रॅहम स्टेन्स? त्या मिशनऱ्याच्या बायकोनंही माफ केलं म्हणे. मग त्याला मारणाऱ्या दारासिंगला शिक्षा कशाला झाली?

---

काळाकोट | ११ डिसेंबर, सायंकाळी ६.४५

@खवचट, परत तेच. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, गाडीत झोपलेली असताना जाळली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी माफ केल्याचं जाहीर सांगितलं आणि कायदा आपलं काम करील हेही सांगितलं. खालच्या कोर्टानं २००३ मध्ये दारासिंगला फाशी दिली, २००५ मध्ये हायकोर्टानं जन्मठेप केली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. बाई मात्र नवरा आणि मुलं गेल्यावरही बारिपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये काही वर्षं राहिल्या. मला या प्रकरणात माफीपेक्षा ते राहणं मोठं वाटतं.

---

सदाशिवपेठी | ११ डिसेंबर, रात्री ९.१०

मग फाशीबद्दल ख्रिस्ती भूमिका नक्की काय? जुन्या करारात तर जिवाबद्दल जीव आहे ना? मुंबई बॉम्बस्फोटातल्या याकूब मेमनला नागपूरच्याच तुरुंगात २०१५ मध्ये फाशी झाली.

---

संपादक | ११ डिसेंबर, रात्री ९.२५

फाशीसाठी वेगळा धागा काढावा. इथे एका घरातला खरा प्रश्न चालू आहे.

---

पाळकाची लेक | ११ डिसेंबर, रात्री ९.४०

संपादकांची माफी मागून दोन ओळीच. कॅथलिक चर्चनं २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षणात बदल करून मृत्युदंड अमान्य म्हटला, कारण गुन्ह्यानं माणसाची माणूस म्हणून किंमत जात नाही. आम्हा प्रोटेस्टंटांत एकमत नाही. संपलं.

---

माजघर | १२ डिसेंबर, सकाळी ११.३०

सगळे त्या माणसाबद्दल आणि बाबांबद्दल बोलताहेत. मला ती पऱ्हाटीतली बाई दिसतेय.

पाच वर्षं नवऱ्याशिवाय तिनं घर ओढलं, मजुरीचा हिशोब चुकता केला. आता नवरा परत आलाय आणि कापलेल्या माणसाच्या घरून जेवणाचं बोलावणं. ती काय समजेल? दहा माणसांत आपल्या नवऱ्याची मान खाली घालायला बोलावलंय, असंच. आणि आला नाही तर ‘बघा, एवढं बोलावलं तरी आला नाही’. दोन्हीकडून तोच बदनाम.

फराळाचा डबा पाठवा. डबा घेऊन कोणाला पंगतीला बसावं लागत नाही. घ्यायचा तर घेतील, नाही तर नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | १२ डिसेंबर, सकाळी ११.४१

वैनी बोलल्या म्हंजे फायनल.

---

कोरडवाहू | १२ डिसेंबर, रात्री १०.१५

@माजघर, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही बाई कोण आहे, तिला पण डबा पाठव.

बाबा थोडे नाराज आहेत. त्यांना त्याच्याशी बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते सांगत नाहीत.

---

मिरचीभजी | २४ डिसेंबर, रात्री ८.३०

उद्या काय होतंय ते कळवा हं. नाताळच्या शुभेच्छा.

---

कोरडवाहू | २७ डिसेंबर, रात्री ९.५५

उशीर झाला, घरी पाहुणे होते.

पंचवीसच्या सकाळी उपासना झाल्यावर आईनं डबा भरला. करंज्या, अनारसे, चिवडा, वरच्या खणात केकचे चार तुकडे. जर्मनचा जुना तीन खणी डबा, बाबांना दवाखान्यात न्यायचो तोच. मी मुद्दाम विचारलं, दुसरा नाही का? आई म्हणाली, हाच घट्ट बसतो.

न्यायचा कोणी हा प्रश्न होता. पोरगी म्हणाली मी जाते. मी नाही म्हणालो. मग मीच गेलो. त्याच्या अंगणात पोचलो तेव्हा तो बैलाच्या खुराला तेल लावत बसला होता. मला बघून उभा राहिला आणि पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत काय आहे ते नीट बघितलं, मग तोंडाकडे. तो म्हातारा झालाय. माझ्या डोक्यात पाच वर्षं तो कुऱ्हाड घेतलेलाच होता, तेवढ्याच वयाचा. मी "नाताळचा फराळ" एवढंच बोललो आणि डबा ओट्यावर ठेवला. तो काही बोलला नाही. बायको दारात आली, डबा उचलून आत गेली. मी परत फिरलो. पाठ त्याच्याकडे करून चालायला लागलो तेव्हा मानेवर काटा आला, खोटं कशाला बोलू. दहा पावलं झाल्यावर गेला.

काल संध्याकाळी त्यांची पोरगी, त्या वेळी धुऱ्यावर बसवलेली, आता शाळेत जाते, डबा परत घेऊन आली. घासून लख्ख केलेला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. तिन्ही खणांत ओल्या तुरीच्या शेंगा, गच्च दाबून भरलेल्या. त्यांच्या धुऱ्याकडच्या तासांतल्या असणार, तिकडचीच तूर आधी भरते.

माझ्या पोरीनं तिला आत बोलावलं आणि दोघी मांजराची पिल्लं बघायला गोठ्यात गेल्या. मी अडवलं नाही.

बाबा आत्ता चुलीजवळ बसून शेंगा सोलताहेत. उजव्या हातानं शेंग मांडीवर दाबून धरायची, डाव्या अंगठ्यानं फोडायची. एका शेंगेला बराच वेळ लागतो. मदत करू का विचारलं, तर नको म्हणाले.

---

वऱ्हाडी ठेचा | २७ डिसेंबर, रात्री १०.१२

सोल्याची आमटी करा भौ. लसन जास्त टाका.

---

कोरडवाहू | २७ डिसेंबर, रात्री १०.२०

आई तेच करतेय. मी जेवेन की नाही ते माहीत नाही. वास मात्र येतोय.